पोटाचा रंग

गेले दोन महिने माझ्या टेबलावर एक विमान उताणं पडलं आहे. सुपरमरीन स्पिटफायर, मार्क एक, खऱ्याच्या बहात्तर पट लहान. खऱ्या विमानाचे पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत ११.२३ मीटर, माझ्याकडचे, कंपासपेटीतल्या पट्टीहून जेमतेम अर्धा सेंटीमीटर जास्त. पाठ रंगवून झाली आहे, मातकट तपकिरी आणि गर्द हिरवे पट्टे. पोट मात्र कोरंच आहे. रंग ठरत नाही. बायको म्हणते, एवढ्या वेळात पेणवाल्यांनी चारशे गणपती रंगवले असते.

हे वेड जुनं आहे. चौथीत असताना मामांनी मुंबईहून एक खोका आणला होता. त्यावर आगीत सापडलेलं जर्मन विमान आणि त्याच्यावर झेपावणारं स्पिटफायर. आत मात्र राखाडी प्लॅस्टिकच्या काड्यांना लटकलेले तुकडे. त्या काड्यांच्या सांगाड्याला स्प्रू म्हणतात हे कळायला मला पंधरा वर्षं लागली. पहिलं विमान मी खोबरेल तेलाच्या बाटलीला चिकटवावं तसं फतफता डिंक लावून चिकटवलं आणि काचेच्या टोपीवर अंगठ्याचा ठसा कायमचा उमटवून ठेवला. या कामात डिंक नसतोच. जोडायला वापरतात ते रसायन पॉलिस्टायरीन विरघळवतं आणि दोन तुकडे एकमेकांत मुरतात. जास्त झालं की पंख वितळतो.

कंपन्यांचा इतिहास थोडक्यात आटोपतो, कारण त्यात मला फारसा रस नाही. १/७२ हे प्रमाण १९३२ सालच्या स्कायबर्ड्स या लाकडी संचांनी रूढ केलं. सहा फुटी माणूस एक इंचाचा होतो, हिशेब सोपा. १९३६ साली फ्रॉगचे पेंग्विन हे प्लॅस्टिकचे पहिले संच आले. १९३९ साली निकोलस कोव्ह नावाच्या हंगेरियन निर्वासितानं लंडनमध्ये एअरफिक्स काढली, हवा भरलेली रबरी खेळणी करायला; पुढे तिनं कंगवेही बनवले. १९५० च्या दशकात दोन शिलिंगांच्या पिशवीत जहाज, पाठोपाठ स्पिटफायर. मग जगभरच्या पोरांच्या बोटांना रंग लागला.

माझं खरं प्रकरण सुरू झालं ते डिकॅलच्या कागदावरून. पाण्यात भिजवून विमानावर सरकवायची ती चित्रं, चिन्हं, अक्षरं. एका ओळखीच्या माणसानं आपल्या संग्रहातून जुना कागद दिला. पिवळा पडला होता. त्याला उपाय आहे: पारदर्शक पिशवीत घालून खिडकीच्या काचेला आतून चिकटवायचा, ऊन पिवळेपणा खातं. आमच्या खुलताबादला एप्रिल-मेमध्ये ऊन मागावं लागत नाही. तीन आठवड्यांनी कागद पांढरा झाला आणि कोपऱ्यातली बारीक अक्षरं वाचता आली: यूएम, १५२ (हैदराबाद) स्क्वॉड्रन.

हैदराबाद! रोजच्या वाटेवर मी आसफजाहाच्या कबरीवरून जातो. औरंगजेबाची उघडी कबर बघायला येणारे बहुतेक लोक रस्त्याच्या पलीकडे जात नाहीत. पलीकडे बुऱ्हानुद्दीन गरीब यांच्या दर्ग्यात पहिला निजाम आसफजाह झोपला आहे. १७४८ साली बुऱ्हाणपूरला वारला आणि इथे आणला गेला. त्याचं घराणं दोनशे वर्षं आमच्यावर राज्य करत होतं. आणि त्याच्या वारसाच्या, सातव्या निजाम मीर उस्मान अली खानाच्या, पैशानं उभ्या राहिलेल्या स्क्वॉड्रनची विमानं १९४० साली इंग्लंडच्या आकाशात लढत होती.

शोधत गेलो तर असं स्क्वॉड्रन एकच नव्हतं. पहिल्या महायुद्धात ११० क्रमांकाच्या स्क्वॉड्रनला निजामानं डीएच नाइन ए जातीची बॉम्बफेकी विमानं दिली. प्रत्येकाच्या अंगावर देणगीदाराचं नाव रंगवलेलं, आपल्याकडे देवळातल्या फरशीवर असतं तसं. त्यांतलं एक, एफ १०१०, ५ ऑक्टोबर १९१८ रोजी कैसरस्लाउटर्नच्या हल्ल्यात जर्मनांच्या हाती पडलं. त्यांनी ते बर्लिनच्या संग्रहात ठेवलं, दुसऱ्या महायुद्धात पूर्वेकडे हलवलं आणि ते पोलंडमध्ये उरलं. १९७७ साली इंग्रजांनी ते परत मागितलं तेव्हा क्राकोच्या संग्रहालयानं बदल्यात काय घ्यावं? एक स्पिटफायर. आज एफ १०१० लंडनच्या हवाई दल संग्रहालयात आहे आणि त्याच्यावर निजामाच्या नावाखाली लिहिलंय: हैदराबाद क्रमांक १२ए. बारानंतर १२ए. तेरा आकडा टाळायचा म्हणून असावं, असा माझा तर्क. टाळूनही विमान पडलंच.

दुसऱ्या महायुद्धात १५२ आणि २५३ या दोन लढाऊ स्क्वॉड्रनना हैदराबादचं नाव मिळालं. १५२ च्या बिल्ल्यावर निजामाची दस्तार आहे आणि खाली ब्रीद, ‘विश्वासू दोस्त’. हे ब्रीद म्हणजे इंग्रजांनी निजामाला दिलेल्या किताबाचाच उतारा. त्याच्या बिरुदांच्या लांब शेपटीत यार-ए-वफादार हेही होतं. हे स्क्वॉड्रन १ ऑक्टोबर १९३९ रोजी पुन्हा उभं राहिलं, आधी दुहेरी पंखांचे ग्लॅडिएटर उडवले, १९४० च्या सुरुवातीला स्पिटफायर आले, आणि जुलैत ते दक्षिण किनाऱ्यावर वॉर्मवेलला गेलं, पोर्टलंडच्या आरमारी तळावर पहारा करायला. तिथला एरिक मार्स हा वैमानिक इतका कोवळा दिसायचा की त्याचं नावच ‘बॉय’ पडलं. १९४१ च्या जुलैत ब्रेस्टवर तो विमानविरोधी तोफांनी मारला गेला. हेच स्क्वॉड्रन १९४३ च्या अखेरीस हिंदुस्थानात आणि मग ब्रह्मदेशच्या आघाडीवर आलं. तेव्हाच्या त्यांच्या स्पिटफायरवर गोल चिन्हावरून झेप घेणारा काळा बिबट्या होता. बिबट्याचं विमान जास्त देखणं आहे, कबूल. पण मला १९४० चंच हवं होतं. आणि इथेच पोटाचा प्रश्न आला.

६ जून १९४० रोजी हुकूम निघाला की लढाऊ विमानांची पोटं ‘स्काय’ रंगात रंगवा. तोवर ती अर्धी काळी, अर्धी पांढरी असत. हुकूम आला, पण रंगाचे डबे सगळीकडे पोचले नव्हते. तळातळांवरच्या मेकॅनिकांनी मिळेल ते कालवलं. कुणी निळसर, कुणी हिरवट, कुणी बदकाच्या अंड्याच्या रंगाचं. त्यामुळे १९४० च्या जून ते ऑगस्टमधल्या एखाद्या ठरावीक विमानाचं पोट नक्की कसं होतं यावर मॉडेल करणारी माणसं ऐंशी वर्षं भांडत आहेत. फोटो काळेपांढरे. रंगाच्या पापुद्र्यांचे तुकडे जपून ठेवणारे आहेत, पण जुना रंग पिवळा पडतो हे त्यांनाही माहीत आहे. त्यात पुन्हा एक पंथ म्हणतो, छोट्या विमानाला रंग फिका द्यायचा, कारण ते म्हणजे लांबून पाहिलेलं मोठं विमान. डोळा आणि विमान यांच्यामधली हवा रंगात कालवावी लागते. मला हा युक्तिवाद पटतो. घाटातून वेरूळकडे बघितलं की डोंगर एकामागे एक कसे विरत जातात ते आम्हाला शिकवावं लागत नाही.

या स्कायचा बाप कोण, ते पाहताना मला सिडनी कॉटन सापडला. तेव्हापासून विमान बाजूलाच राहिलं.

कॉटन १८९४ चा, ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंडचा. पहिल्या युद्धात त्याच्या लक्षात आलं की तेलानं माखलेल्या डांगरीत आपल्याला थंडी वाजत नाही. त्यावरून त्यानं वैमानिकांचा सिडकॉट सूट काढला आणि तो पुढे कित्येक वर्षं चालला. दुसरं युद्ध सुरू होण्याआधी तो व्यापाऱ्याच्या वेषात एक लॉकहीड विमान घेऊन जर्मनीत हिंडत होता. विमानाच्या पोटात कॅमेरे, त्यांच्यावर सरकती झाकणं. केबिनमधली गरम हवा भिंगांवरून बाहेर जायची, त्यामुळे उंचावरही त्यांच्यावर दव धरायचं नाही. हेरगिरीतली ही सगळ्यांत साधी आणि सगळ्यांत हुशार युक्ती, असं माझं मत.

युद्ध लागल्यावर त्यानं हट्टानं दोन स्पिटफायर मिळवले. मशीनगन काढल्या, त्यांची तोंडं पत्र्यानं बंद केली, पत्र्यांच्या सांध्यांमध्ये प्लॅस्टर ऑफ पॅरिस भरलं, घासून गुळगुळीत केलं, वर चमक येईस्तोवर पॉलिश. वेग वाढला. हे मी वाचलं तेव्हा हातातली पुट्टीची सुरी खाली ठेवली. फट बुजवा, घासा, प्रायमर मारा, पुन्हा बघा, पुन्हा फट. आम्ही बहात्तर पट लहान विमानावर जे करतो तेच हा माणूस खऱ्या विमानावर करत होता. १८ नोव्हेंबर १९३९ रोजी मॉरिस लाँगबॉटम त्यांतलं एक घेऊन फ्रान्समधल्या सेक्लँहून आखनच्या बाजूला उडाला. मशीनगन नसलेल्या स्पिटफायरची ती पहिली फोटोची फेरी.

या विमानांना त्यानं दिलेला फिकट हिरवा रंग म्हणजे कॅमोटिंट. त्याची हकीकत तो अशी सांगे: लंडनजवळच्या हेस्टन विमानतळावरून जोधपूरच्या महाराजांचं विमान उडालं, फिक्या बदकअंडी हिरव्या रंगाचं, आणि बघता बघता आकाशात दिसेनासं झालं. कॉटन बढाया मारण्यात कमी नव्हता, तेव्हा यातलं किती खरं घ्यायचं ते ज्याचं त्यानं ठरवावं. पण सरकारी स्काय कॅमोटिंटमधूनच निघाला. म्हणजे निजामाच्या नावाच्या स्पिटफायरचं पोट मारवाडच्या राजाच्या विमानावरून रंगलं. मला ही गोष्ट खरी असायला हवी आहे. एवढा पक्षपात कबूल करतो.

हवाई मंत्रालयाला मात्र हा माणूस झेपला नाही. जून १९४० मध्ये, नेमका स्कायचा हुकूम निघाला त्याच महिन्यात, त्याला काढून टाकलं. पुढच्या वर्षी ओबीई देऊन बोळवण केली. त्याची पद्धत घेतली, रंग घेतला, माणूस नको होता.

आणि मग १९४८. आमच्याकडच्या प्रत्येक घरात त्या वर्षाची एक तरी गोष्ट आहे. रझाकारांची, रात्रीतून गाव सोडल्याची, सरहद्दीवरच्या कॅम्पांची. निजामाला भारतात यायचं नव्हतं आणि त्याच्याकडे शस्त्रं कमी होती. ती आणून द्यायला कोण आलं? सिडनी कॉटन. त्यानं लँकास्ट्रियन विमानं मिळवली, म्हणजे लँकास्टर बॉम्बफेक्याची शस्त्रं काढून केलेली वाहतुकीची जात, आणि कराचीहून रात्री भारतावरून उडत बिदर, वरंगळला माल उतरवू लागला. पोटात कॅमेऱ्याऐवजी आता बंदुका.

मी १७ सप्टेंबरला दरवर्षी शाळेत झेंड्यापुढे उभा राहतो. मुक्तिसंग्रामाच्या भाषणात रझाकार येतात, कासिम रझवी येतो, स्वामी रामानंद तीर्थ येतात. कॉटन कधीच आला नाही. एकदा मी मुलांना सांगितलं. त्यांना लँकास्ट्रियनपेक्षा रात्री दिव्याशिवाय विमान उतरवतात कसं यातच रस.

१९४८ च्या १३ सप्टेंबरला भारतीय सैन्य शिरलं, औरंगाबाद पडलं, १७ ला निजामानं हार पत्करली. वरून भारतीय हवाई दलाचे टेम्पेस्ट होते. तीन स्क्वॉड्रनना ज्याच्या दौलतीचं नाव होतं त्या माणसाकडे स्वतःच्या राज्यासाठी एकही लढाऊ विमान नव्हतं. कॉटनवर लंडनमध्ये खटला झाला, दंड २०० पौंड. चेष्टाच. त्याच्या विमानांनी आणलेल्या बंदुका ज्या गावांवर चालल्या तिथे कुणी त्याला २०० पौंडांवर सोडलं नसतं. तो १९६९ साली वारला.

तर त्याचा रंग. पांढरे प्लॅस्टिकचे चमचे घेतले, उपड्या बाजूवर एकेक मिश्रण लावलं, खिडकीत रांगेनं वाळत ठेवले. सात चमचे. आमच्या गल्लीत एक गृहस्थ आहेत, कबरींना चुना आणि दरवाजांना हिरवा रंग मारण्यात आयुष्य गेलेलं. उरसाआधी त्यांना उसंत नसते, नंतर असते. चहाला आले, चमचे पाहिले.

“सर, ये क्या पिस्ता बनारे क्या?”

मी सगळं सांगितलं. इंग्लंड, जून १९४०, डबे पोचले नाहीत. त्यांनी एकेक चमचा खिडकीबाहेर, ढगाळ आभाळासमोर धरून पाहिला. चौथा ठेवला, बाकीचे परत दिले.

“इसमें नील जास्ती हो गया. पीला मारो, थोडा. सुई की नोक जितना.”

मी टाचणीच्या टोकानं पिवळा टाकला. ते म्हणाले, अजून. टाकला. मग त्यांनी माझ्या हातातली काडी घेऊन स्वतःच ढवळलं, चमच्यावर एक ओघळ सोडला, पुन्हा आभाळासमोर धरला आणि काही न बोलता चहाचा कप उचलला.

काल रात्री पोटाला पहिला हात दिला. पातळ, जवळून, फवारा धिम्या दाबावर. हवेत ओल आहे, वॉर्निशवर पांढरी साय धरते म्हणून ते इतक्यात नाही. दुसरा हात उद्या, पाऊस उघडला तर.