मुखत्याराच्या दारातून

जावा या संगणकभाषेतल्या ‘प्रॉक्सी’ला मराठीत काय म्हणावे? मला आधी ‘तोतया’ सुचला, कारण प्रॉक्सी मूळ वस्तूचेच रूप घेऊन उभी राहते. पण तोतया म्हणताच सदाशिवरावभाऊंचा तोतया आठवतो, आणि तो खऱ्याच्या गैरहजेरीवर जगला. प्रॉक्सीच्या मागे खरा हजर असतो. म्हणून मी ‘मुखत्यार’ म्हणतो.

माझे शिक्षण वाणिज्य शाखेचे. प्रोग्रॅमिंग मी पुस्तकांतून आणि इतरांचे कोड वाचून शिकलो. त्यामुळे असेल, हा विषय मला हिशेबाच्या अंगाने दिसतो.

प्रोग्रॅममधल्या प्रत्येक ऑब्जेक्टला काही कामे येतात. त्यांना मेथड म्हणतात. कोणती मेथड बोलवायची हे एरवी प्रोग्रॅमरने आधीच लिहून ठेवलेले असते. ‘रिफ्लेक्शन’मध्ये चालता प्रोग्रॅम स्वतःलाच विचारतो, हे ऑब्जेक्ट कोणत्या जातीचे, याला काय काय येते? आणि मेथडचे नाव हाती लागले की ती बोलावतो. ब्रायन कँटवेल स्मिथ यांनी १९८२ साली एमआयटीतील प्रबंधात या कल्पनेची नीट मांडणी केली. जावात रिफ्लेक्शन १९९७ साली आले, आणि २००० साली त्याच्या जोडीला प्रॉक्सी.

मुखत्यार नेमायचा तर जावाला मुख्यतः दोन गोष्टी द्याव्या लागतात: कोणकोणती कामे तो स्वीकारील त्यांची यादी, म्हणजे इंटरफेस, आणि एक हँडलर. जावा मग कोणीही न लिहिलेला एक क्लास चालत्या प्रोग्रॅममध्येच तयार करते. यादीतले कोणतेही काम मागा, ते हँडलरच्या ‘इन्व्होक’ या एकाच दारातून जाते. तिथे नोंद होते, परवानगी तपासली जाते, आणि मग रिफ्लेक्शनने तीच मेथड मूळ मालकावर बोलावली जाते.

यात एक खोच आहे. हँडलरला तीन गोष्टी मिळतात: खुद्द मुखत्यार, मागितलेली मेथड, आणि तिला द्यायची माहिती. मालक त्यांत नाही! तो हँडलरने आधीच जपून ठेवलेला असावा लागतो. हाताशी आहे म्हणून मेथड मुखत्यारावरच बोलावली, तर ती त्याच दाराशी परत येते, पुन्हा बोलावली जाते, आणि स्टॅक भरून प्रोग्रॅम कोसळतो. हे एका अर्थी बरे, कारण ही चूक लपत नाही.

लपणारी चूक वेगळी आहे. स्प्रिंग या जावाच्या प्रसिद्ध चौकटीत मेथडवर ‘ट्रान्झॅक्शनल’ अशी चिठ्ठी लावता येते. समजा, ती मेथड एका खात्यातून रक्कम वजा करून दुसऱ्यात जमा करते. चिठ्ठीचा अर्थ असा की दोन्ही नोंदी होतील, नाहीतर एकही नाही. हे वचन पाळतो तो मालकापुढे उभा असलेला मुखत्यार. पण मालकाच्याच दुसऱ्या मेथडने ही मेथड घरातल्या घरात बोलावली तर? हाक दारापर्यंत जातच नाही. चिठ्ठी कोडमध्ये दिसते, व्यवहार मात्र सुरूच होत नाही. आधीपासून दुसरा व्यवहार चालू नसेल आणि दोन नोंदींच्या मध्ये काही बिघडले, तर वजा झालेली रक्कम वजाच राहते. स्प्रिंगच्या अधिकृत दस्तऐवजात याचा स्पष्ट इशारा आहे. पण तो वाचतो कोण?

दुसऱ्या प्रकारचा मुखत्यार मालकाचा उपवर्ग म्हणून घडवतात. खाजगी मेथड त्याला अडवता येत नाही. शिवाय स्प्रिंगच्या चौथ्या आवृत्तीपासून तो सहसा कन्स्ट्रक्टर न चालवताच बनतो, म्हणजे त्याची स्वतःची फील्ड्स रिकामी असतात. रिफ्लेक्शनने कुलूप काढून खाजगी मेथड त्याच्यावर बोलावली, तर ती चालते, पण रिकाम्या घरात. खातेवही शोधावी तर हाती ‘नल’ येते.

आपल्यापुढे मालक आहे की मुखत्यार, हे ‘गेटक्लास’ या मेथडने कळते. तिला कोणी अडवू शकत नाही, त्यामुळे मुखत्यार स्वतःची जात सांगून टाकतो. घरातल्या हाकेवर सोपा उपाय म्हणजे चिठ्ठीवाली मेथड वेगळ्या ऑब्जेक्टमध्ये हलवणे; मग दारातून जाण्यावाचून गत्यंतर उरत नाही. दुसरा उपाय ॲस्पेक्टजे: त्यात राखण क्लासच्या कोडमध्येच विणली जाते आणि मुखत्याराची गरजच पडत नाही. मला पहिला पसंत आहे, कारण तो कोड वाचणाऱ्याला डोळ्यांनी दिसतो.