धूळपेरणी, १२ जून आणि एक नाणे

(लेखमाला : निर्णयाचे शास्त्र, लेखांक ७)

पाऊस यायच्या आधीच कोरड्या मातीत बी टाकायचे, याला आपल्याकडे धूळपेरणी म्हणतात. साधली तर पिकाला आघाडी मिळते, फसली तर दुबार पेरणी. कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात भाताचे बीही असेच टाकतात आणि त्याला तमिळमध्ये म्हणतात पुळुदि विदैप्पु. पुळुदि म्हणजे धूळ, विदैप्पु म्हणजे पेरणी. व्यंकोजीराजांच्या मागोमाग तंजावरला गेलेल्या मराठी मंडळींनी हा शब्द तिकडे नेला असेल, असे म्हणायचा मोह होतो. पण धुळीत बी टाकून आभाळाकडे बघत बसायला कुणाचे राज्य यावे लागत नाही.

मागच्या आठवड्यात आपण कानमन आणि ट्वर्स्की यांच्या १९७९ च्या निबंधाविषयी बोललो. मिळालेल्या शंभरापेक्षा गेलेले शंभर माणसाला जास्त झोंबतात, हे त्यांनी दाखवले. मात्र त्यांचे बहुतेक प्रश्न कागदावरचे होते आणि उत्तरे देणारे प्रामुख्याने विद्यापीठातले. ज्याचे घरच दरवर्षी पणाला लागते, तो माणूस कसा ठरवतो? त्यासाठी आज तंजावरला जाऊ आणि तिथून सोलापूर-अकोल्याला परतू.

तंजावरच्या गावांत वर्षाची सगळ्यात मोठी तारीख १२ जून. मेट्टूर धरणाची दारे उघडायचा हा ठरलेला दिवस. धरण १९३४ साली सुरू झाले, साठा ९३.४७ टीएमसी. तिथून सुटलेले पाणी करिकाल चोळाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कल्लणै बंधाऱ्याशी येते, फाटते आणि कालव्या-कालव्यांतून समुद्राकडे जाते. आपण कालव्याच्या शेवटाला ‘टेल’ म्हणतो, तिकडे कडैमडै म्हणतात. टेलवाल्याचे दुःख दोन्हीकडे सारखेच.

तारीख ठरलेली असली तरी ती पाळली जातेच असे नाही. २०१२ ते २०१९ अशी सलग आठ वर्षे १२ जूनला दारे उघडली नाहीत. २०१७ मध्ये तर २ ऑक्टोबर उजाडला. २०२० ला तारीख पाळली गेली, २०२२ ला २४ मेलाच पाणी सुटले आणि २०२४ ला थेट २८ जुलैला. कर्नाटकातला पाऊस, दोन राज्यांचा वाद, सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये तमिळनाडूसाठी ठरवलेले १७७.२५ टीएमसी, हे सगळे त्या एका तारखेत येऊन बसते.

आणि तारखेवर पीक ठरते. जूनमध्ये पाणी आले तर कुरुवै, म्हणजे साधारण ११० दिवसांचे भात. अडुतुरैच्या संशोधन केंद्रातून निघालेले एडीटी ३६ हे त्यातलेच एक वाण. कुरुवै काढून त्याच रानात ताळडी घेता येते, म्हणजे वर्षाला दोन पिके. पाणी उशिरा आले की कुरुवै सोडायचे आणि एकच लांब मुदतीचे सांबा घ्यायचे. त्यासाठी सीआर १००९ सारखे १५५ दिवसांच्या आसपास घेणारे वाण. कुरुवैची रोपे मात्र दारे उघडण्याच्या आधी टाकावी लागतात. पाण्याचा पत्ता नसताना निर्णय घ्यायचा असतो तो इथे.

जूनच्या पहिल्या आठवड्यात तिकडे हिंडलात तर कुठे हिरवीगार रोपवाटिका दिसेल, कुठे नुसती नांगरलेली ढेकळे. पाहुण्याला वाटेल, हा शेतकरी धाडसी आणि तो भित्रा. जरा वाकून पाहिले की धाडसी माणसाच्या बांधावर बोअरची मोटर दिसते. कालवा आला नाही तरी त्याची रोपे जगतात. समुद्राजवळच्या कडैमडै गावांत जमिनीखालचे पाणी खारट असते. तिथे बोअर घेऊनही उपयोग नाही, म्हणून तिथला शेतकरी थांबतो, किंवा धूळपेरणी करून आभाळावर भिस्त ठेवतो. यात स्वभाव किती आणि बोअर किती?

नेमका हाच प्रश्न एका माणसाने मोजायला घेतला. हान्स बिन्सवांगर, जन्म १९४३, मूळचा स्वित्झर्लंडचा. हैदराबादजवळ पाटणचेरूला इक्रिसॅट ही कोरडवाहू पिकांची संशोधन संस्था आहे. तिने १९७५ पासून सहा गावांतली ठरावीक घरे वर्षानुवर्षे नोंदवायला घेतली. त्यांत चार गावे आपली: सोलापूर जिल्ह्यातली शिरापूर आणि कळमण, अकोला जिल्ह्यातली कंझरा आणि किनखेड. उरलेली दोन तेव्हाच्या महबूबनगर जिल्ह्यातली. बिन्सवांगरने याच गावांत आधी शहाण्यासारखे प्रश्न विचारून पाहिले: अमुक मिळणार असेल तर काय कराल? उत्तरे विचारणाऱ्याप्रमाणे बदलू लागली. मग त्याने खिशातून नाणे काढले.

खेळ असा. समोर काही पर्याय. पहिल्यात छापा येवो की काटा, ५० रुपये नक्की. दुसऱ्यात वाईट बाजूला ४५, चांगल्या बाजूला ९५. मग ४० किंवा १२०, मग ३० किंवा १५०, असे करत शेवटी शून्य किंवा २००. जितका जास्त मिळण्याचा संभव, तितका हातचे जाण्याचाही. एक पर्याय निवडायचा, नाणे उडवायचे, पैसे घेऊन जायचे. सुरुवात ५० पैशांच्या खेळाने, मग ५ रुपये, मग ५०. मोठ्या खेळातली बक्षिसे तेव्हाच्या मजुराच्या महिन्याच्या कमाईहून जास्त होती. ५०० रुपयांचा डाव मात्र तोंडीच विचारला. तेवढे पैसे वाटणे संशोधकालाही जड गेले असावे! हे सगळे एका बैठकीत उरकले नाही, काही आठवडे चालले, त्यामुळे घरी विचार करायला वेळ होता. अशी २४० कुटुंबे.

निष्कर्ष १९८० मध्ये छापून आले. अर्ध्या रुपयाला माणसे वेगवेगळी वागली: कुणी अगदी जपून, कुणी बिनधास्त. रक्कम वाढत गेली तशी जवळजवळ सगळी मधल्या पर्यायांवर येऊन थांबली. फार भित्रीही नाहीत, जुगारीही नाहीत. श्रीमंताची जोखमीची तयारी किंचित जास्त दिसली, पण तो फरक सांख्यिकीच्या कसोटीला उतरण्याइतका नव्हता. माझ्या मते या विषयातला हा सगळ्यात दुर्लक्षिलेला निकाल आहे. गरीब शेतकरी नवे बियाणे घेत नाही, खत टाकत नाही, कारण तो मनाने घाबरट, असे म्हणणाऱ्या अधिकाऱ्यांची आणि प्राध्यापकांची पिढीच्या पिढी होती. नाण्याने सांगितले की मन जवळपास सारखेच आहे. मग वागणे वेगळे का? कर्ज कुणाला मिळते, बुडाल्यावर कोण सावरतो, घरात काय शिल्लक आहे, यामुळे.

बिन्सवांगर त्याच वर्षी जागतिक बँकेत गेला आणि तिथे पाव शतक राहिला, पण त्याने या गावांच्या नोंदी सोडल्या नाहीत. १९९३ मध्ये मार्क रोझेनझ्वाइग यांच्याबरोबर त्याने पावसाच्या आगमनाची तारीख आणि शेतीचा नफा यांची सांगड घातली. तारीख किती बेभरवशाची, यालाच त्यांनी जोखीम मानले. ही अनिश्चितता एका प्रमाणित विचलनाने वाढली तर सगळ्यात गरीब चौथाईचा नफा ३५ टक्क्यांनी घसरतो आणि सगळ्यात श्रीमंत चौथाईला जवळजवळ काही होत नाही. गरीब माणूस कमी उत्पन्नाची पण सुरक्षित पिके आणि जनावरे धरून बसतो. धोका टाळण्याची किंमत तो दरवर्षी भरत असतो, चांगल्या वर्षीसुद्धा.

आता पुन्हा मेट्टूरची तारीख बघा. शिरापूरला आभाळ जे करते, तेच तंजावरला धरणाचे दार करते. २०२३ मध्ये १२ जूनला पाणी सुटले, लोकांनी कुरुवै लावले आणि पाणी पुरले नाही. उभे पीक वाळले. सरकारने हेक्टरी १३,५०० रुपये जाहीर केले. ज्याने बोअरवर पीक तगवले, त्याच्यासाठी ते वर्ष नुसते महाग गेले. ज्याने बायकोचे दागिने सोसायटीत तारण ठेवून रोपे लावली होती, त्याने पुढच्या वर्षी थांबायचे ठरवले तर त्याला भित्रा कसे म्हणायचे?

जोखीम कोणाच्या डोक्यावर, हे तिकडच्या जुन्या करारांतही दिसते. कुत्तगै म्हणजे आपला खंड: पीक येवो न येवो, मालकाला ठरलेले भात द्यायचेच. वारम् म्हणजे वाटा: पीक बुडाले तर दोघांचेही. खंडाने कसणारा एकटाच नाणे उडवतो. मजुराला तर नाणेही मिळत नाही. कुरुवै लावलेच नाही तर त्याची लावणीची आणि काढणीचीही मजुरी गेली.

बिन्सवांगर २०१७ मध्ये दक्षिण आफ्रिकेत वारला. शिरापूर, कळमण, कंझरा किंवा किनखेडच्या वाचकांपैकी कुणाच्या घरी तो खेळ झाल्याचे वडीलधारे सांगत असतील, कुठला पर्याय निवडला आणि पैशांचे काय केले हे आठवत असेल, तर मला जरूर लिहा. पुढच्या लेखांकात पीकविमा: कुणी घेतला आणि कुणी का नाकारला.