घरचा पट आणि शाळेचा पट

शाळेच्या पटाचा विचार करतांना आम्हां जुन्या मास्तरांचें एक साधें गणित असे. एका घरांत चार भावंडें. प्रत्येकानें पहिलीपासून दहावीपर्यंत दहा वर्षें शाळेंत काढावयाचीं. म्हणजे त्या एका घराचा शाळेशीं चाळीस विद्यार्थिवर्षांचा संबंध जडे. थोरल्याचें नांव एकदां घातलें, कीं धाकट्यांचा प्रश्न उरत नसे. पाठोपाठ चुलतभावंडें येत. थोरल्याचीं पुस्तकें, थोरल्याची कंपासपेटी आणि थोरल्याच्या खोड्यांची कीर्ति, हा सारा वारसा धाकट्याबरोबर वर्गांत येई. आज त्याच घराकडून शाळेस दहा वर्षें मिळतात. तींहि मिळालींच तर.

हा केवळ आमच्या आळींतला अनुभव नव्हे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या १९९२-९३ च्या पहिल्या फेरींत महाराष्ट्रांत एका स्त्रीस सरासरी २.९ अपत्यें होतील, असें दिसलें होतें. २०१९-२१ च्या फेरींत तो आंकडा १.७ वर आला, आणि शहरी भागापुरता तर १.५ वर. लोकसंख्या आहे तेवढीच राहावयाची तर २.१ लागतात. अपत्यें कमी झालीं याचा आम्हांस खेद नाहीं. बाळंतपणांमागून बाळंतपणें काढून पस्तिशींत म्हाताऱ्या झालेल्या माउल्या ज्यांनीं घरांत पाहिल्या आहेत, त्यांनीं तरी तो करूं नये. परंतु या घटीचा भार सर्व शाळांवर सारखा पडलेला नाहीं, आणि विचार करण्याजोगी गोष्ट ती हीच आहे.

घरांत चार मुलें असलीं म्हणजे शाळा जवळची, ओळखीची व बेताच्या खर्चाची पाहिली जाई. मूल एकच असलें, कीं आईबापांची मिळकत, दोन्हींकडच्या आजीआजोबांची हौस आणि सर्वांची धास्ती त्या एकाच जीवावर येऊन पडते. शिक्षण बिघडलें तर दुसरें मूल नाहीं. मग कोणी धोका पत्करीत नाहीं. अनुदान घेणारी मराठी शाळा वाईट असते असें नव्हे, पण इंग्रजी माध्यम ‘अधिक सुरक्षित’ वाटतें. त्यांतच २०१२ च्या कायद्यानें स्वयंअर्थसहाय्यित शाळा काढण्याचा मार्ग मोकळा झाला. मुलें घटत चाललीं आणि शाळा वाढत चालल्या! नोकरींत असतांना एका मे महिन्यांत आम्ही पटासाठीं घरोघर हिंडत होतों, तेव्हां एका गृहिणीनें चहा पुढें ठेवून सांगितलें, “सर, शाळा तुमची चांगलीच आहे; पण आम्हांला एकच आहे हो!” या वाक्यास आम्हांपाशीं उत्तर नव्हतें, आणि आजहि नाहीं.

पुण्यांत १८८० सालीं विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक व नामजोशी यांनीं न्यू इंग्लिश स्कूल काढलें. (नांवांतच ‘इंग्लिश’ होतें, तेव्हां इंग्रजीची ओढ हा आजच्याच पिढीचा दोष मानणाऱ्यांनीं थोडें सबुरीनें घ्यावें.) त्यानंतर पेठापेठांतून खासगी संस्थांच्या शाळा उभ्या राहिल्या, त्या भोवतालच्या वाड्यांच्या भरंवशावर. पुढें वाडे पडून सदनिका झाल्या. मुलगा-सून कोथरूडला, नातू वाकड-हिंजवडीकडे किंवा परदेशीं गेला, आणि पेठेंत वृद्ध मात्र राहिले. आज अशा कित्येक शाळांच्या बाकांवर, पोटासाठीं गांव सोडून आलेल्या कुटुंबांचीं मुलें बसतात. घरांत वही उघडणारें तें पहिलेंच माणूस असतें. या मुलांना शाळेची गरज आमच्या घरांतील मुलांहून अधिक आहे. शाळा मोडली तर तोटा त्यांचा आहे. आम्ही मात्र माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यास जाऊन देणगी देतों आणि नातवाची शाळा विचारली, कीं विषय बदलतों.

कोणी म्हणेल, मुलें कमी झालीं तर शिकवणें अधिक चांगलें होईल. व्हावें खरें, पण हिशेब तसा चालत नाहीं. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें सहावी ते आठवीसाठीं पस्तीस मुलांमागें निदान एक शिक्षक नेमून दिला आहे. अनुदानित शाळेस किती शिक्षक मंजूर, हें दरवर्षीं पटावरून ठरतें. त्यास संचमान्यता म्हणतात. पट उतरला कीं तुकडी जाते, तुकडी गेली कीं शिक्षक ‘अतिरिक्त’ ठरतो, आणि पंधरा-वीस वर्षें एका शाळेंत मुरलेला मनुष्य समायोजनाच्या यादीवरून दुसरीकडे जातो.

याचा परिणाम कसा होतो, तें आमच्याच विषयावरून सांगतों. कोणास संपूर्ण संस्कृत हवें असतें, कोणास हिंदी-संस्कृत संयुक्त, कोणास नुसतें हिंदी. चार तुकड्या असत, तेव्हां वेळापत्रकांत तिन्हींची सोय लावतां येई. तुकडी एकच उरली, कीं एकाच तासाला तीन शिक्षक व तीन खोल्या लागतात. मुख्याध्यापक बिचारे एकच पर्याय ठेवतात. बहुधा संपूर्ण संस्कृत जातें. मग ज्या दोन-चार मुलांना तें हवें असतें, तीं दुसऱ्या शाळेंत नांव घालतात आणि पट आणखी उतरतो. चित्रकला व शारीरिक शिक्षण यांची गत निराळी नाहीं.

घरांत भावंड नसल्याचा परिणाम पहिलीच्या वर्गांतहि दिसतो. दिवेलागणीला थोरली बहीण धाकट्याकडून पाढे म्हणवून घेई, तें काम आतां बाईंकडे आलें आहे. रबर मागून घ्यावयाचें, आपली पाळी येईपर्यंत थांबावयाचें, हेंहि. उलट, मोठ्या माणसांत वाढल्यामुळें या मुलांना शब्द पुष्कळ येतात आणि प्रश्न विचारण्याची भीति नसते. आमच्या वेळच्या मुलांपेक्षां तीं वर्गांत अधिक बोलतात, हें आम्हांस आवडतें.

सेमी-इंग्रजीचे वर्ग काढून पुष्कळ मराठी शाळांनीं पट सांवरण्याचा प्रयत्न केला आहे. तो कांहीं ठिकाणीं साधलाहि. पण एकमेकांच्या हांकेवर असलेल्या तीन-चार संस्थांनीं मिळून कांहीं करावें, असें क्वचितच कोणास सुचतें. एकीच्या आठवींत संस्कृत घेणारीं सहा मुलें, दुसरींत सात, तिसरींत पांच. तीं एका खोलींत बसविलीं तर एक शिक्षक पुरेल, आणि दहा मिनिटें चालण्यानें कोणाचे पाय दुखणार नाहींत. अडचण अंतराची नसून गणवेषाची आहे. प्रत्येक संस्थेस आपलीच घंटा गोड लागते. आमच्या वाचकांपैकीं कित्येकजण अशा संस्थांच्या कार्यकारी मंडळांवर असतील. मंडळाच्या पुढच्या सभेंत शताब्दीच्या स्मरणिकेआधीं हा विषय घ्यावा, आणि शेजारच्या संस्थेच्या चिटणीसांसहि त्या दिवशीं बोलावावें.