गालावर तीळ होता का?

शेजारच्या काकूंनी सासूबाईंचा जुना फोटो मोबाइलवरच्या एका ॲपमधून नवाकोरा करून भिंतीवर लावला. बुरशीचे ठिपके गेले, त्यांच्याबरोबर कपाळावरचं गोंदणही गेलं. नाकाची ठेवणही वेगळी वाटत होती. काकू म्हणाल्या, "छान आलाय, पण आमच्या आत्याबाई नाहीत या." ते ऐकून मी कोल्हापुरात महाद्वार रोडजवळच्या एका स्टुडिओत जाऊन बसले. जुने फोटो नीट करण्याचं काम तिथे सासरे आणि सून मिळून करतात; मी त्यांना काका आणि ताई म्हणते.

दुकानात शिरलं की ओल्या कागदाचा कोंदट वास येतो. ऑगस्ट 2019 मध्ये पंचगंगेचं पाणी घरात शिरलं होतं, त्या वेळी भिजलेले अल्बम अजूनही इथे येतात. फोटोच्या कागदावर जिलेटिनचा थर असतो. तो भिजून फुगतो आणि वाळताना समोरच्या फोटोला नाहीतर फ्रेमच्या काचेला चिकटून बसतो. "ओढायचा नाही, काचेसकट आणा," असं ताई प्रत्येक गिऱ्हाइकाला बजावतात आणि काचेसकटच स्कॅन करतात.

साध्या फोटोला 600 डीपीआय, पासपोर्ट आकाराच्या फोटोला 1200. फाइल टिफ, कारण जेपीईजी दर वेळी सेव्ह करताना थोडाथोडा तपशील गमावते. फोटो काळापांढरा असला तरी स्कॅन रंगीतच. पिवळे डाग लाल चॅनेलमध्ये जवळजवळ दिसत नाहीत, त्यामुळे निम्मं काम ब्रश न लावताच होतं. उरलेल्या चिरा हीलिंग ब्रशने बुजवायच्या. हा ब्रश शेजारचा पोत उचलून चिरेवर बसवतो.

त्यांच्याकडे फोटोशॉप आहे. 2013 पासून ते भाड्याने घ्यावं लागतं, ही त्यांची कुरकुर. घरच्या अल्बमसाठी मी काय वापरू, असं विचारल्यावर मात्र त्या लगेच म्हणाल्या, "गिंप घ्या. फुकट आहे. क्लोन आहे, हील आहे, लेयर आहेत. आणखी काय पाहिजे?"

मग एका बटनात होणाऱ्या कामाचा विषय निघाला. टेन्सेंटच्या संशोधकांनी 2021 मध्ये आणलेलं जीएफपी-गॅन हे त्यातलं एक गाजलेलं मॉडेल. ते शिकलं चेहऱ्यांच्या 70,000 फोटोंवर. एनव्हिडियाने हे फोटो फ्लिकरवरून जमवले होते. असं मॉडेल चेहरा पुसून स्वच्छ करत नाही, तो अंदाजाने नव्याने रंगवतं. वऱ्हाडाच्या ग्रुप फोटोत आजीचा चेहरा हरभऱ्याएवढा असतो. त्यात जे दिसत नाही, ते या 70,000 फोटोंच्या सवयीने भरलं जातं. "त्या 70,000 मध्ये गोंदलेल्या, नऊवारीतल्या बायका किती असतील हो?" ताईंनी विचारलं. मला वाटतं, फारशा नसाव्यात.

काका ऐकत होते. ते म्हणाले, "आम्ही तरी काय केलं? स्थळासाठी फोटो आला, की निगेटिव्हवर पेन्सिल चालवून देवीचे व्रण झाकायचो." बरोबर आहे. पण कुठला व्रण झाकला हे त्यांना ठाऊक असायचं, आणि झाका म्हणून सांगणारं माणूस समोर बसलेलं असायचं.

तेवढ्यात एक तरुण बँकेचं पासबुक घेऊन आला. वडिलांचं वर्षश्राद्ध तोंडावर आलेलं, फोटो एवढा एकच, आणि त्याच्या गालावर बँकेचा गोल शिक्का. ताईंनी स्कॅन मोठा केला. शाईखाली एक काळा ठिपका होता.

"गालावर तीळ होता का वडलांच्या?"

त्याला आठवेना. त्याने आईला फोन लावला. तीळ होता. ताईंनी शिक्का काढला, तीळ ठेवला. त्या दिवशी पाहिलेल्या कामापैकी मला हा प्रश्नच पुन्हा पुन्हा आठवतो. 70,000 फोटो पाहिलेलं यंत्र तो विचारत नाही.

म्हणून सॉफ्टवेअर निवडताना माझा निकष एकच: केलेला बदल मला दिसला पाहिजे आणि मागे घेता आला पाहिजे. चिरा, डाग, फाटलेले कोपरे यांना गिंप पुरतं. चेहरा फाटला असेल तर जाणत्या माणसाकडे जा. एआय वापरायचंच असेल तर वेगळ्या प्रतीवर वापरा आणि फाइलच्या नावात तसं लिहा, म्हणजे नातवंडं फसणार नाहीत. मूळ स्कॅनला हात लावू नका, मूळ फोटो टाकून देऊ नका. फोटोतली माणसं ओळखणारं कुणी घरात असेल, तर आधी त्यांच्याजवळ बसून नावं लिहून घ्या. आणि हे सगळं पावसाळ्याच्या आत करा.