एकाच कढईत बटाटा आणि चोरीस : रात्रीच्या जेवणामागील शास्त्र व सावधगिरी

पणजी : बटाटा, कांदा आणि गोव्याचे चोरीस हे तीन जिन्नस एकाच भांड्यात भाजून चार जणांच्या कुटुंबाचे रात्रीचे जेवण सुमारे सव्वा तासात तयार होते. ओव्हन आणि ओटीजी अनेक घरांत पोहोचल्यानंतर पाश्चात्त्य धाटणीचा हा ‘एका भांड्यातील’ पदार्थ भारतीय स्वयंपाकघरांतही रुळू लागला आहे. तथापि, वरून खरपूस दिसणारा बटाटा आतून कच्चट राहणे आणि डुकराचे मांस पुरेसे न शिजणे, या दोन अडचणी त्यात हमखास उद्भवतात. पहिली चवीशी, तर दुसरी थेट आरोग्याशी निगडित आहे. दोन्हींची कारणे समजून घेतल्यास त्या टाळणे कठीण नाही.

बटाटा आणि सॉसेज यांची जोडी जगात नवी नाही. आयर्लंडमधील डब्लिन शहराचा ‘कॉडल’ हा पदार्थ सॉसेज, खारवलेले डुकराचे मांस, कांदा व बटाटा एकाच भांड्यात मंद आचेवर शिजवून केला जातो. जर्मनी आणि ब्रिटनमध्येही भाजलेले सॉसेज व बटाटा हे रोजच्या जेवणातील अन्न आहे. भारतात या जोडीचे सर्वांत जवळचे रूप गोव्यात आढळते. तेथे चोरीस कांदा-बटाट्यासह शिजवून पावाबरोबर किंवा पोईबरोबर खाण्याची रीत घरोघरी आहे.

तीन शब्द, एक इतिहास

या पदार्थातील अनेक जिन्नसांची नावे पोर्तुगीज भाषेतून आली आहेत. ‘चोरीस’ हे पोर्तुगीज ‘शोरीसू’चे कोकणी रूप, तर ‘पाव’ हा शब्दही त्याच भाषेतील. उत्तर भारतात ‘आलू’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कंदाला मराठी, कोकणी व गुजराती भाषांत ‘बटाटा’ हे नाव पोर्तुगीज ‘बटाटा’वरून मिळाले. गमतीचा भाग असा की, हा मूळ शब्द कॅरिबियन बेटांवरील असून तेथे तो रताळ्यासाठी वापरला जात असे. बटाट्याची मूळ भूमी दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतराजी होय. चोरीसला लाल रंग व तिखटपणा देणारी मिरचीदेखील अमेरिका खंडातूनच भारतात आली.

गोव्यात १५१० ते १९६१ या काळात पोर्तुगीज सत्ता होती. या प्रदीर्घ सहवासात युरोपीय सॉसेजने स्थानिक वळण घेतले. डुकराच्या मांसाचे व चरबीचे लहान तुकडे मीठ, सुक्या लाल मिरच्या, लसूण, आले, हळद, मिरी, लवंग, दालचिनी आणि माडाच्या ताडीपासून केलेले व्हिनेगर यांत मुरवले जातात. नंतर ते आतड्याच्या आवरणात भरून दोऱ्याने गाठी मारल्या जातात आणि उन्हात वा धुरावर वाळवले जातात. लहान मण्यांची माळ वाटावी, असे त्यांचे रूप असते. पावसाळ्यापूर्वी वर्षाची बेगमी करण्यासाठी म्हापसा, मडगाव आदी ठिकाणी होणाऱ्या ‘पुरुमेंता’च्या खरेदीत सुकी मासळी, मिरची व आमसुलांबरोबर चोरीसच्या माळांनाही मागणी असते. मीठ, आम्ल, धूर आणि पाण्याचा घटलेला अंश या चार गोष्टींमुळे मांस टिकते. मात्र टिकवलेले मांस म्हणजे शिजवलेले मांस नव्हे, हे येथे लक्षात ठेवणे अत्यावश्यक आहे.

बटाटा कच्चट का राहतो?

बटाट्यातील पिष्टमय पदार्थ साधारण ६० ते ७० अंश सेल्सिअस तापमानाला पाणी शोषून फुगतो. परंतु कंद खऱ्या अर्थाने मऊ होण्यासाठी त्याच्या पेशींना एकत्र धरून ठेवणारे पेक्टिन विरघळावे लागते आणि त्यास याहून अधिक उष्णता व वेळ लागतो. आम्लाच्या सान्निध्यात पेक्टिन सहजासहजी विरघळत नाही. म्हणूनच व्हिनेगर, चिंच किंवा टोमॅटो आधी घातल्यास बटाटा बराच वेळ शिजवूनही टणक राहतो. आमटीत चिंच शेवटी घालण्यामागे अनेक घरांतील अनुभवी हातांचा हाच अनुभव आहे.

चोरीसमध्ये व्हिनेगरचे प्रमाण भरपूर असते. कच्च्या बटाट्याच्या फोडी व चोरीस एकदमच भांड्यात टाकल्यास चोरीस कोरडे पडू लागते, तरी बटाटा शिजलेला नसतो. त्यावर उपाय एकच : बटाटा आधी मिठाच्या पाण्यात अर्धवट शिजवून घ्यावा आणि मगच तो चोरीसच्या आंबट रसाशी मिसळावा.

दुसरी बाब खरपूसपणाची. पदार्थाच्या पृष्ठभागावरील प्रथिनांतील घटक आणि साखर यांची उष्णतेमुळे अभिक्रिया होऊन तांबूस रंग व भाजलेला सुवास निर्माण होतो. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई-कामिय मायार यांनी १९१२ मध्ये तिचे वर्णन केल्याने ती त्यांच्या नावाने ओळखली जाते. ही अभिक्रिया सुमारे १४० अंशांपुढे वेगाने घडते. पृष्ठभागावर पाणी असेतोवर तेथील तापमान १०० अंशांच्या वर जात नाही. भांड्यात फोडींची दाटी झाली की त्यांतून निघणारी वाफ अडकते व बटाटा भाजण्याऐवजी उकडतो. त्यामुळे फोडी एकाच थरात पसरणे महत्त्वाचे ठरते.

बटाट्याची निवड

बटाटा उत्पादनात भारताचा क्रमांक चीनखालोखाल जगात दुसरा असून उत्तर प्रदेश व पश्चिम बंगाल ही आघाडीची राज्ये आहेत. महाराष्ट्रात पुणे जिल्ह्यातील खेड व आंबेगाव या तालुक्यांत खरिपातही बटाटा घेतला जातो. सिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेने विकसित केलेल्या वाणांच्या नावांमागे ‘कुफ्री’ हा शब्द असतो. त्यांपैकी ‘कुफ्री चिप्सोना’ गटातील वाणांत पाण्याचा अंश कमी आणि साखरही कमी असल्याने ते भाजण्या-तळण्यास सोयीचे असतात.

बाजारात वाणाचे नाव विचारून बटाटा मिळणे क्वचितच शक्य होते. अशा वेळी हाताला जड, घट्ट व कोरड्या सालीचा बटाटा निवडावा. पातळ सालीच्या नव्या बटाट्यात पाणी अधिक असते. शीतगृहात फार थंड ठेवलेल्या बटाट्यातील पिष्टाचे साखरेत रूपांतर होते. तो चवीला गोडसर लागतो आणि भाजताना आतून शिजण्यापूर्वीच वरून काळपट होतो. हिरवट साल किंवा मोठे कोंब आलेल्या बटाट्यात सोलानिनसारखी विषारी द्रव्ये वाढलेली असू शकतात आणि ती शिजवल्याने पुरेशी नष्ट होत नाहीत. असा बटाटा टाकून देणेच हिताचे.

कृती : चार जणांसाठी

साहित्य : बटाटे ८०० ग्रॅम, चोरीस २०० ग्रॅम, मोठे कांदे २, ढोबळी मिरची १, लसणाच्या ८ पाकळ्या, तेल १ मोठा चमचा, मीठ आणि वरून घालण्यास कोथिंबीर.

भांडे सुमारे ३० सेंटिमीटर रुंदीचे, जाड बुडाचे आणि ओव्हनमध्ये चालणारे असावे. प्लॅस्टिक वा लाकडी मुठीचे भांडे वापरू नये. बिडाची मुरलेली कढई उत्तम. मात्र व्हिनेगरयुक्त पदार्थ तीत रात्रभर ठेवल्यास लोखंडाची चव उतरते, म्हणून उरलेले अन्न लगेच दुसऱ्या भांड्यात काढावे.

१. बटाटे स्वच्छ धुऊन सालीसह सुमारे ३ सेंटिमीटरच्या फोडी कराव्यात. कढईत फोडी बुडतील इतके पाणी व थोडे मीठ घालून उकळी आल्यावर ८ ते १० मिनिटे शिजवावे. सुरी किंचित अडखळत आत जावी, इतपतच फोडी मऊ हव्यात. पाणी काढून टाकून फोडी ताटात पसराव्यात, म्हणजे वाफ निघून त्या कोरड्या होतील.

२. त्याच कढईत दोऱ्याच्या गाठी व आवरण काढून मोकळे केलेले चोरीस आणि अर्धी वाटी पाणी घालावे. झाकण ठेवून मध्यम आचेवर १५ मिनिटे शिजू द्यावे. नंतर झाकण काढून पाणी आटू द्यावे. लाल रंगाची चरबी सुटून कडेला येईल.

३. दरम्यान ओव्हन २०० अंशांवर तापत ठेवावा. कढईत तेल, कांद्याचे जाड काप, ढोबळी मिरची, लसूण आणि बटाट्याच्या फोडी घालून सर्व फोडींना चरबी लागेल असे हलवावे व एका थरात पसरावे. चोरीस मुळातच खारट असल्याने या टप्प्यावर वेगळे मीठ घालू नये.

४. ३० ते ३५ मिनिटे भाजावे. निम्मा वेळ झाल्यावर एकदा फोडी उलटाव्यात. बाहेर काढल्यावर ५ मिनिटे थांबून कोथिंबीर भुरभुरून वाढावे.

ओव्हन नसल्यास तीच कढई झाकण ठेवून मंद आचेवर गॅसवर ठेवावी, दर ६-७ मिनिटांनी फोडी परताव्यात आणि शेवटची १० मिनिटे झाकण काढावे. साध्या मायक्रोवेव्हमध्ये बटाटा शिजतो, पण खरपूस होत नाही.

मांस पूर्ण शिजणे का महत्त्वाचे?

डुकराच्या कच्च्या वा अर्धवट शिजलेल्या मांसातून पट्टकृमीची बाधा होऊ शकते. बाधित व्यक्तीच्या आतड्यात वाढणाऱ्या या कृमीची अंडी विष्ठेतून बाहेर पडतात आणि अस्वच्छ हात, दूषित पाणी किंवा न धुतलेल्या भाज्यांवाटे इतरांच्या पोटात जातात. तेथून अळ्या मेंदूपर्यंत पोहोचल्यास अपस्माराचे झटके येऊ शकतात. म्हणजे मांस न खाणाऱ्या व्यक्तीलाही हा आजार होऊ शकतो. मांस पूर्ण शिजवणे आणि हातांची स्वच्छता राखणे हे त्यामुळे केवळ स्वतःपुरते नव्हे, तर घरातील सर्वांचे संरक्षण ठरते.

कुटलेल्या किंवा तुकडे करून भरलेल्या डुकराच्या मांसाचे अंतर्गत तापमान ७१ अंश सेल्सिअसपर्यंत पोहोचावे, असा सर्वसाधारण निकष आहे. अन्नाचे तापमान मोजणारा थर्मामीटर असल्यास खात्री करणे सोपे जाते. चोरीसच्या बाबतीत रंगावर विसंबून चालत नाही, कारण मिरचीमुळे मांस कच्चे असतानाही लाल आणि शिजल्यावरही लालच दिसते. म्हणूनच आवरण काढून मांस मोकळे करणे आणि आधी पाण्यात उकळणे या दोन पायऱ्या गाळू नयेत. कच्चे चोरीस हाताळल्यावर हात, सुरी व पाट साबणाने धुवावेत.

प्रमाण किती असावे?

जागतिक आरोग्य संघटनेच्या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये प्रक्रिया केलेल्या मांसाचा समावेश कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात केला. हा गट पुराव्याची खात्री दर्शवतो, धोक्याची तीव्रता नव्हे. दररोज ५० ग्रॅम असे मांस खाल्ल्यास मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो, असे संस्थेने नमूद केले आहे. वरील कृतीत प्रत्येकाच्या वाट्याला साधारण ५० ग्रॅम चोरीस येते. त्यामुळे हा पदार्थ रोजचा न ठेवता अधूनमधून करणे योग्य. बटाटा व कांदा चोरीसची चव पुरेपूर शोषून घेतात, म्हणून चोरीस निम्मे केले तरी चव फारशी उणावत नाही. मिठाचे दैनंदिन सेवन ५ ग्रॅमपेक्षा कमी असावे, ही आरोग्य संघटनेची शिफारसही येथे लक्षात घ्यावी. रक्तदाब असलेल्यांनी विशेष काळजी घ्यावी.

बटाटा फार काळपट भाजणेही टाळावे. पिष्टमय पदार्थ १२० अंशांहून अधिक तापमानाला भाजले वा तळले असता त्यांत अॅक्रिलामाइड तयार होते, ही बाब २००२ मध्ये स्वीडनमध्ये उजेडात आली. सोनेरी रंग आला की थांबावे.

चोरीस न मिळाल्यास बाजारातील चिकन सॉसेज वापरता येते. ते बहुधा आधीच शिजवलेले असते, तरीही वेष्टनावरील सूचना वाचून खात्री करावी. असे सॉसेज शेवटच्या १५ मिनिटांत घालावे, अन्यथा ते कोरडे पडते. त्यात व्हिनेगर व मसाला नसल्याने लाल तिखट, लसूण आणि मिरपूड वेगळी घालावी. शाकाहारी कुटुंबांत भिजवून पिळलेल्या सोयाबीन वड्यांना मिरची, लसूण, आले व व्हिनेगरचे वाटण लावून हाच पदार्थ करता येतो. तेव्हाही आम्लाचा नियम तोच : वाटण लावलेल्या वड्या बटाटा अर्धवट शिजल्यानंतरच मिसळाव्यात.

उरलेला पदार्थ दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवावा आणि दुसऱ्या दिवशी सर्व बाजूंनी वाफ येईपर्यंत गरम करूनच खावा.