गव्हांड्याची उधारी

नरखेड तालुक्यातल्या माझ्या एका शेतकरी मित्राने सोयाबीन निघाल्यावर गहू पेरला. पेरणीच्या तोंडावर वावराच्या एका कोपऱ्यात त्याने गेल्या साली उरलेला गव्हांडा, म्हणजे गव्हाचं कुटार, पसरून नांगरून टाकला. महिनाभरात तेवढाच कोपरा पिवळा पडला. "गव्हांड्यानं माहा युरिया खाल्ला ना भाऊ! आता राहिलेला पेटवूनच देतो," तो म्हणाला.

मंडळी, त्याची तक्रार खरी होती. उपाय मात्र चुकीचा होता.

मातीतले जिवाणू काडीकचरा कुजवतात. १०० किलो गव्हांड्यात कर्ब सुमारे ४० किलो आणि नत्र जेमतेम अर्धा किलो असतो. म्हणजे प्रमाण ८०ला १. जिवाणूंना मात्र साधारण २४ भाग कर्बामागे १ भाग नत्र लागतो. कमी पडलेला नत्र ते मातीतून उचलतात. त्यात आपण टाकलेला युरियाही आला. या पंगतीत गव्हाची कोवळी मुळं मागे राहतात.

पण हा नत्र बुडत नाही, ती उधारी असते. जिवाणू मरतात तसा तो हळूहळू मोकळा होतो. नत्राला खूण करून जगभर प्रयोग झाले आहेत. त्यांत दिसलं, की तृणधान्याचं पहिलं पीक खतातला नत्र बहुधा निम्म्याहून कमी उचलतं आणि काडीकचऱ्यातला त्याहूनही कमी. फरक पुढे पडतो. युरियाच्या ४५ किलोच्या पोत्यात सुमारे २०.७ किलो नत्र असतो. पिकाला न मिळालेल्यातला बराचसा हवेत उडतो किंवा पाण्याबरोबर खाली झिरपतो. काडीकचऱ्यातला मात्र बहुतेक मातीतच राहून पुढच्या पिकांच्या कामी येतो. कुटार पेटवलं, तर त्यातला जवळजवळ सगळा नत्र धुरात जातो.

मग करायचं काय? गव्हांडा पेरणीच्या तोंडावर न घालता पावसाळ्याआधी, सोयाबीनच्या वेळी मातीत मिसळावा. सोयाबीन मुळांवरच्या गाठींतून हवेतला नत्र स्वतःच मिळवतं, त्यामुळे जिवाणूंची उधारी त्याला फारशी जाचत नाही. गव्हाची पेरणी येईपर्यंत कुटार बरंचसं कुजलेलं असतं. युरियाही एकदम न देता निम्मा पेरताना आणि निम्मा १८ ते २१ दिवसांनी, पहिल्या ओलिताच्या वेळी द्यावा. जमिनीवर नुसता फेकून ठेवला, तर त्यातला काही नत्र उडून जातो.

मित्राला हे पटलं. राहिलेला गव्हांडा त्याने पेटवला नाही. मृगासाठी धुऱ्यावर झाकून ठेवला आहे.