किंमत आणि मोल : एका विद्यार्थी-लघुपटाची कथा

व्यापारी घरातील मुलाच्या कानावर 'केवढ्याला?' हा प्रश्न फार लवकर पडतो. वस्तूची किंमत ओळखणे हे अशा घरातील पहिले शिक्षण असते आणि ते आवश्यकही आहे. ज्याला खरेदीचा भाव कळत नाही त्याला विक्रीतील नफा कळणार कसा? मात्र किंमत कळली म्हणजे मोल कळलेच असे नाही. या दोहोंतील अंतरावर बोट ठेवणारा एक विनोदी लघुपट १९६४ साली अमेरिकेत एका विद्यार्थ्याने तयार केला. त्याची लांबी अवघी पंधरा मिनिटे. पुढे जगद्विख्यात दिग्दर्शक झालेले मार्टिन स्कॉर्सेसी हे ते विद्यार्थी. लघुपटाचे नाव 'इट्स नॉट जस्ट यू, मरे!'

आज साठ वर्षांनंतर त्या लघुपटाकडे पाहताना दोन कथा समोर येतात. एक पडद्यावरची, मरे नावाच्या माणसाची. दुसरी पडद्यामागची, तो लघुपट कसा घडला याची. दोन्ही कथा शेजारी शेजारी ठेवून वाचल्या तर व्यापार करणाऱ्या आणि मुले वाढवणाऱ्या कुटुंबांना त्यांतून बरेच काही मिळते.

मरेचा जमाखर्च

मरे हा 'यशस्वी' माणूस आहे, निदान त्याची स्वतःची तशी ठाम समजूत आहे. तो थेट प्रेक्षकांकडे पाहून बोलू लागतो आणि प्रथम काय सांगतो, तर आपल्या अंगावरील वस्तूंच्या किमती. हा टाय इतक्या डॉलरचा, हे बूट इतक्या डॉलरचे, हा सूट इतक्याचा, ही मोटार इतक्याची. माणसाची ओळख त्याच्या नावाने वा स्वभावाने होण्याऐवजी दरपत्रकाने होते आणि प्रेक्षकाला पहिले हसू येते.

हे सारे वैभव आपल्याला कोणामुळे लाभले, हे सांगण्यासाठी मरे आपल्या जो नावाच्या जिवलग मित्राची कहाणी सुरू करतो. अमेरिकेत दारूबंदी असताना चोरटी दारू गाळण्याच्या धंद्यात दोघे भागीदार होते. मरेच्या तोंडी मित्राची स्तुती सतत चालू असते. जो किती भला, जो किती हुशार, जोने वेळोवेळी किती सांभाळून घेतले! मात्र पडद्यावरील चित्र वेगळेच दाखवत राहते. धाड पडते तेव्हा मार खातो तो मरे आणि तुरुंगात जातो तोही मरेच. जो प्रत्येक वेळी अलगद बाजूला होतो. विश्वासघाताची झळ पुढे मरेच्या संसारापर्यंत पोहोचते. तरीही त्याच्या शब्दांतील कृतज्ञता ओसरत नाही.

या लघुपटातील विनोद शब्द आणि चित्र यांच्या विसंगतीतून जन्मतो. कानाला एक ऐकू येते, डोळ्यांना दुसरे दिसते आणि या दोहोंच्या फटीत प्रेक्षक हसतो. हिशेबाच्या भाषेत सांगायचे तर मरेची किर्द एक सांगते आणि खतावणी दुसरेच. जमेच्या बाजूला त्याने मित्राचे नाव लिहिले आहे; वास्तविक ते नावे पडायला हवे होते. वस्तूंच्या किमती तोंडपाठ असलेल्या माणसाला आपल्या आयुष्यातील सर्वांत मोठी बुडीत रक्कम दिसत नाही, हा या प्रहसनाचा गाभा आहे.

भागीदारीत धंदा करणाऱ्या कोणालाही हे हसू थोडे बोचल्यावाचून राहणार नाही. विश्वासावर चालणारी भागीदारी ही व्यापाराची शोभा आहे, यात शंका नाही. परंतु डोळस विश्वास वर्षाच्या अखेरीस वह्या उघडून बसतो. मरेने वह्या कधी उघडल्याच नाहीत.

पडद्यामागचे घर

आता दुसरी कथा. स्कॉर्सेसी यांचा जन्म १७ नोव्हेंबर १९४२ रोजी न्यू यॉर्क येथे झाला. आजी-आजोबा इटलीतील सिसिली बेटावरून स्थलांतरित होऊन आलेले. वडील चार्ल्स कपड्यांच्या व्यवसायात इस्त्रीचे काम करीत, तर आई कॅथरीन शिवणकाम करीत. 'लिटल इटली' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या दाट वस्तीतील एलिझाबेथ स्ट्रीटवर हे कुटुंब राहत असे. घरात पुस्तके नव्हती. मार्टिन यांना लहानपणापासून दमा असल्यामुळे इतर मुलांप्रमाणे धावणे, खेळणे शक्य नव्हते. वडील त्यांना चित्रपटगृहात घेऊन जात. घरी परतल्यावर हा मुलगा पाहिलेली दृश्ये कागदावर चौकटी आखून चितारत बसे.

धर्मगुरू होण्याची त्यांची इच्छा होती. परंतु त्या शाळेत ते वर्षभरापेक्षा अधिक टिकले नाहीत. पुढे न्यू यॉर्क विद्यापीठात त्यांनी प्रवेश घेतला. घरापासून चालत जाण्याच्या अंतरावरील या विद्यापीठात त्यांना हेग मनूगियन हे प्राध्यापक भेटले. मनूगियन यांची शिस्त कडक होती आणि चित्रपटाकडे केवळ करमणूक म्हणून पाहणाऱ्या विद्यार्थ्याची ते गय करीत नसत. जे तुम्ही जवळून जाणता त्याच विषयावर चित्रपट करा, हा त्यांचा आग्रह होता.

मार्टिन यांचा १९६३ मधील पहिला लघुपट नऊ मिनिटांचा होता आणि तोही विनोदीच. भिंतीवर टांगलेल्या एका चित्राने झपाटलेला लेखक शेवटी त्या चित्रातच सामावून जातो, अशी त्याची गमतीदार कल्पना होती. कल्पना चमकदार खरी, पण तिच्यात वस्तीचा वास नव्हता. दुसऱ्या लघुपटाच्या वेळी मात्र त्यांनी आपल्या गल्लीकडे पाहिले. झकपक कपड्यांत मिरवणारे, मोठमोठ्या गोष्टी सांगणारे आणि धंदा नेमका कशाचा हे कधीच न सांगणारे लोक त्यांनी लहानपणापासून पाहिले होते. त्यांतूनच मरे उभा राहिला.

पटकथा लिहिताना त्यांना साथ मिळाली मार्डिक मार्टिन या सहाध्यायाची. जन्म इराणचा, बालपण इराकमध्ये, वंश आर्मेनियन. असा हा तरुण न्यू यॉर्कला शिकण्यासाठी आला होता. दोघांचे घराणे वेगळे, भाषा वेगळी, पण परक्या मुलखात मुळे रुजवू पाहणाऱ्या कुटुंबांचे जगणे दोघांनाही ठाऊक होते. लघुपटात मरे आणि जो यांची खोटी मैत्री रंगत असताना कागदावर मात्र एक खरी मैत्री जुळत होती, हा योगायोग लक्षात घेण्याजोगा आहे. ती पुढे अनेक वर्षे टिकली. १९७३ मधील 'मीन स्ट्रीट्स'चे लेखन या दोघांनी मिळून केले. लिहायला निवांत जागा नसल्यामुळे त्यातील बराचसा भाग त्यांनी मार्डिक यांच्या मोटारीत बसून लिहिला. मरेच्या मोटारीची किंमत त्याच्या तोंडी होती. या मोटारीची किंमत कोणी विचारली नसेल, पण तिच्यात बसून झालेल्या कामाचे मोल जगाने पाहिले.

आईच्या हातची थाळी

या लघुपटातील सर्वांत लोभस व्यक्तिरेखा आहे मरेच्या आईची आणि ती साकारली आहे स्वतः कॅथरीन स्कॉर्सेसी यांनी. अभिनयाचे कोणतेही शिक्षण नसलेली, शिवणकाम करणारी ही गृहिणी मुलाच्या अभ्यासक्रमातील कामासाठी कॅमेऱ्यासमोर उभी राहिली. काम तिच्या परिचयाचेच होते. मुलाला खाऊ घालायचे, एवढेच. मुलगा कोणत्याही अवस्थेत असो, आई स्पॅगेटीची थाळी घेऊन हजर. तो तुरुंगात गेला तर तेथेही जाळीआडून ती त्याला भरवते. प्रेक्षक खळखळून हसतो आणि त्याच वेळी त्याच्या घशाशी काहीतरी दाटून येते. कारण मरेच्या साऱ्या जमाखर्चात परतफेडीची अपेक्षा न ठेवता देणारी एवढी एकच व्यक्ती आहे आणि तिची किंमत सांगायला मरेला कधी सुचतच नाही.

कॅथरीन यांचा मुलाच्या कामातील सहभाग येथेच संपला नाही. १९७४ साली मार्टिन यांनी आईवडिलांना त्यांच्याच घरात बोलते करून 'इटालियनअमेरिकन' हा माहितीपट केला. त्याच्या अखेरच्या श्रेयनामावलीत आईच्या रश्श्याची कृतीही झळकते. १९९० मधील 'गुडफेलाज'मध्ये अवेळी घरी आलेल्या मुलाला आणि त्याच्या सोबत्यांना जेवू घालणारी आई त्याच आहेत. १९६४ च्या त्या थाळीचा प्रवास असा सव्वीस वर्षांचा आहे.

व्यापारी घरात मुलगा वा मुलगी एखादी अनोळखी वाट निवडू पाहते तेव्हा पहिला प्रश्न येतो तो 'यात मिळणार काय?' हा. प्रश्न रास्त आहे. ज्यांनी कष्टाने पेढी उभी केली त्यांना तो विचारण्याचा अधिकार आहे. मार्टिन यांच्या घरीही पैशांची सुबत्ता नव्हती आणि चित्रपट हा व्यवसाय त्यांच्या गल्लीतील कोणाच्या माहितीचा नव्हता. आईवडिलांना त्या विद्येतील काही कळत होते असेही नाही. पण आपल्याला कळत नाही म्हणून ते दूर राहिले नाहीत. मुलाने मदत मागितली तेव्हा आईने आपल्याजवळ होते तेच दिले.

पत हळूहळू वाढते

'मरे'ला १९६५ साली अमेरिकेतील चित्रपट-निर्मात्यांच्या संघाने विद्यार्थी-चित्रपटांसाठी ठेवलेला पुरस्कार मिळाला. तरीही त्यानंतर यशाचा राजमार्ग खुला झाला असे मुळीच घडले नाही. पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट विद्यार्थिदशेत सुरू झाला, तुकड्यातुकड्यांनी वाढत गेला आणि १९६७ साली प्रेक्षकांसमोर आला. त्याच्या निर्मात्यांमध्ये त्यांचे गुरू मनूगियन होते. सर्वदूर नाव झाले ते १९७३ मध्ये, म्हणजे 'मरे'नंतर नऊ वर्षांनी. सर्वोत्कृष्ट दिग्दर्शनाचा ऑस्कर हाती आला तो २००७ साली.

या प्रवासाकडे कर्जाच्या प्रस्तावासारखे पाहिले तर एक गोष्ट ठळकपणे दिसते. कोणतीही शहाणी पेढी नव्या ग्राहकाला पहिल्याच दिवशी मोठी रक्कम देत नाही. लहान रक्कम देते, ती वेळेवर फिटते का हे पाहते आणि मग पत वाढवते. मार्टिन यांनी प्रथम नऊ मिनिटांचे काम पुरे केले, मग पंधरा मिनिटांचे, मग पूर्ण चित्रपटाचे. प्रत्येक टप्प्यावर काम पुरे करून दाखवणे हेच त्यांचे तारण होते. घरातील मुलाची हौस खरी की क्षणिक, हे ओळखण्याचा याहून चांगला मार्ग पालकांना सापडणे कठीण. त्याला लहान काम हाती घेऊ द्यावे आणि ते तडीस नेतो का, हे पाहावे. त्याचप्रमाणे चुका दाखवणारा, तोंडदेखली स्तुती न करणारा गुरू त्याला मिळाला आहे का, याचीही चौकशी करावी. स्तुती करणारे जो गल्लोगल्ली भेटतात. मनूगियन क्वचित भेटतात. हे गुरू १९८० साली निवर्तले तेव्हा शिष्याने त्याच वर्षीचा आपला 'रेजिंग बुल' हा चित्रपट त्यांना अर्पण केला.

मरेही स्कॉर्सेसी यांच्या कामातून नाहीसा झाला नाही. २०१३ मधील 'द वुल्फ ऑफ वॉल स्ट्रीट' या चित्रपटात समभागांच्या व्यवहारात लोकांना फसवून श्रीमंत झालेला दलाल आरंभीच कॅमेऱ्याकडे पाहून आपल्या संपत्तीची यादी वाचतो. तो चित्रपट सहकुटुंब पाहण्याजोगा नाही; पण त्या यादीत 'मरे'चा टाय आणि बूट ओळखू येतात. फरक एवढाच की मरे स्वतः फसतो आणि हा दलाल इतरांना फसवतो. दोघांनाही किमती पाठ आहेत.

लघुपटाच्या शेवटी सारी पात्रे मोटारीभोवती फेर धरून नाचतात आणि मरे हातात कर्णा घेऊन त्यांना सूचना देत राहतो. इटलीचे दिग्दर्शक फेलिनी यांच्या १९६३ मधील 'साडेआठ' या चित्रपटाच्या शेवटाला विद्यार्थ्याने केलेला हा खेळकर नमस्कार होता. २०२० साली स्कॉर्सेसी यांच्या पाच लघुपटांचा संच नव्याने प्रकाशित झाला, त्यात 'मरे' आहे आणि 'इटालियनअमेरिकन'ही. त्यामुळे आजचा प्रेक्षक दोन्ही कृती लागोपाठ पाहू शकतो. एकीत मुलाला भरवणाऱ्या कॅथरीन आहेत, तर दुसरीत त्याच बाई आपल्या घरात, नवऱ्याशेजारी बसून, स्वयंपाकापासून जुन्या दिवसांपर्यंतच्या गोष्टी सांगतात. सुटीच्या एखाद्या संध्याकाळी घरातील तरुण मुलांसोबत त्या पाहाव्यात आणि मरेचा हिशेब नेमका कोठे चुकला, हे मुलांनाच विचारावे.